मागून येणारा वारा

मालेगावच्या बाहेर, अकोल्याच्या रस्त्याला, नवं लॉन झालं आहे. लॉन म्हणायचं, पण गवत प्लास्टिकचं. वरून पाणी मारून ओलं ठेवतात, त्यामुळे त्याला कुजक्या सतरंजीसारखा वास येतो. माझ्या नणंदेच्या मुलाचं लग्न परवा तिथं होतं. फाटकातून आत शिरले तर नाकात एकदम सगळंच घुसलं. डब्यातून उडवायच्या फेसाचा गोड वास, जनरेटरचं डिझेल, चायनीजच्या कढईत करपलेला सॉस, आणि स्वागताला उभ्या असलेल्या पोरींच्या हातातल्या गुलाबपाण्याचा तो गुळमट दर्प.

फाटकाच्या डाव्या हाताला कागदी फुलांची कमान होती. तिच्याखाली एक गाडी उभी होती. बिनटपाची. चाकं सिमेंटमध्ये रोवलेली, अंगावर गुलाबी रंग, बाजूला पाटी: सेल्फी पॉइंट. लोक बुटांसकट तिच्यात चढत होते, तोंडं वेडीवाकडी करून फोटो काढत होते आणि उतरत होते. मागच्या सीटवर कुणीतरी जिलबीचा हात पुसला होता. त्यावर माश्या बसल्या होत्या.

मी गाडीला वळसा घालून मागे गेले. का गेले, सांगता येत नाही. डिक्कीच्या वरच्या कडेला चार भोकं होती, दोन इकडे, दोन तिकडे. रंग फासून बुजवलेली, तरी दिसत होती. ती भोकं माझ्या बाबांनी पाडली होती. पाडताना मी टॉर्च धरून उभी होते.

तोंडाला पाणी सुटतं ते दोन कारणांनी. मला सुटलं ते दुसऱ्या कारणानं. ओकारी यायच्या आधी सुटतं ते.

*

केनवडला आमचं बिछायत केंद्र होतं. गाद्या, उशा, सतरंज्या, मंडपाचे बांबू, पडदे, भात शिजवायचे मोठाले गंज. लग्नाला लागणारं सगळं आमच्याकडून भाड्यानं जायचं आणि लग्न झालं की परत यायचं. जाताना स्वच्छ जायचं, येताना कसं यायचं ते आम्हालाच ठाऊक. गाद्यांवर लेकरांनी मुतलेलं, उशांना परक्या डोक्यांचं तेल, पडद्यांच्या कोपऱ्यांना पुसलेले तर्रीचे हात. गंजांच्या बुडाला भात असा चिकटलेला असायचा की तो खरवडताना नखांत आंबूस वास बसायचा, तो दुसऱ्या लग्नापर्यंत जायचा नाही. चैत्रात मी आणि ताई गच्चीवर गाद्या उन्हात टाकायचो आणि काठीनं बडवायचो. धूळ उडायची, आणि त्या धुळीत दुसऱ्यांच्या लग्नांचा सगळा उरलासुरला वास असायचा. घाम, अत्तर, विडी. लोकांना लग्न म्हटलं की सनई आठवते म्हणे. मला उशीची खोळ आठवते.

ताई माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. तिचं नाव सुमन. रिसोडला कॉलेजात दोन वर्षं गेली, मग घरच्यांनी थांबवलं. ती या सगळ्याला नाक मुरडायची नाही. पदर खोचायची, बादली घ्यायची आणि लागायची. मीच रडायची.

एका वर्षी बाबांनी अकोल्याहून ती गाडी आणली. कुण्या जुन्या टॅक्सीवाल्याची होती. अकोल्याच्याच एका गॅरेजात तिचा टप कापून घेतला, कापलेल्या कडांना लाल रेक्झीन मढवलं, सीटांना मखमल लावली. गाडी दारात आली तेव्हा बाबा खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले, आम्ही सगळ्यांनी पाहावं म्हणून.

"रथ आहे रथ," ते मायला म्हणाले. "आता नवरदेव घोड्यावर कायले बसन?"

माय म्हणाली, "पाऊस आला म्हणजे?"

"लगनं काय पावसात होतात?"

अजीजभाई तिचे ड्रायव्हर. केनवडचेच, पूर्वी ट्रकवर होते. वरातीत गाडी बैलगाडीपेक्षा हळू चालायची, पुढे बँड, मागे पोरं नाचणारी. तोवर ठीक असायचं. खरा प्रवास वरातीनंतर. लग्न लागलं, जेवणं झाली, की नवरीला घेऊन गाडी तिच्या सासरी निघायची. तेव्हा ती पळायची. आणि नवऱ्या ओकायच्या.

एक ओकली, लोक म्हणाले ऊन लागलं. दुसरी ओकली, म्हणाले पोरगी रडून रडून दमली. मग अजीजभाई गाडी परत आणायचे, अंगणात लावायचे आणि मान खाली घालून सांगायचे, "सेठ, आजची दुल्हन बी ओकली." धुवायचं काम आमच्याकडे. मखमलीत शिरलेली पंगतीतली बुंदी सुटता सुटायची नाही. राख, मग पाणी, मग लिंबू. हळदीच्या अंगाची, मोगऱ्याच्या गजऱ्याची, नव्या कोऱ्या शालूची एक पोरगी त्या सीटवर बसून आपलं घर सोडून गेलेली असायची, आणि तिच्या मागे आमच्यासाठी तेवढंच उरायचं. मला त्या पोरींची दया यायला हवी होती. मला किळस यायची. अजून लग्नात बुंदी समोर आली की मी ताट सरकवते.

ताई मात्र सीट घासता घासता एकदा थांबली आणि म्हणाली, "रडून कोणी ओकत नाई. या गाडीतच कायतरी आहे."

*

त्याच उन्हाळ्यात ताईचं जमलं. मेडशीचं स्थळ. घरची शेती, मुलाचं खतं-बियाण्यांचं दुकान. मुलगा पाहायला आला तेव्हा फार बोलला नाही, ते सगळ्यांना चांगलं वाटलं. त्याच्या मामानं जाता जाता अंगणातल्या गाडीवर थाप मारली आणि म्हणाला, "इवाई, पोरीले याच गाडीत धाडा बरं. आमच्या गावात अशी गाडी कोणाच्या दारात आली नाई."

बाबा हात जोडून हसले. वरपक्षापुढे त्यांचे हात आपोआप जुळायचे. धंद्याची सवय.

ते लोक गेल्यावर ताई म्हणाली, "मी बसतो त्या गाडीत. पण आधी गाडी बरी करा."

"गाडीले काय झालं?"

"मले काय माहीत? पाहू ना."

आणि आम्ही पाहायला लागलो. संध्याकाळी ऊन कललं की अजीजभाई गाडी काढायचे, बाबा त्यांच्या शेजारी, मी आणि ताई मागे. मालेगावच्या रस्त्यानं जायचं, परत यायचं. शेतं उलंगून मोकळी पडलेली, बांधावर तुराट्यांचे ढीग, कडुलिंब फुललेला. गाडीनं वेग धरला की ताईची वेणी उडून तिच्याच तोंडावर यायची. पुढे. मला वाटायचं वेणी मागे उडायला पाहिजे. मायच्या शिलाईच्या डब्यातून ताईनं रेशमी दोऱ्याचे, फितीचे तुकडे आणले आणि सीटच्या पाठीला, दारांना, जागोजागी बांधले. पुढच्या काचेजवळच्या फिती मागे फडफडत होत्या. आमच्या सीटवरच्या सगळ्या पुढे तोंड करून उभ्या होत्या, कुणी मागून फुंकर घालावी तशा.

"बाबा, वारा मागून येऊन राह्यला," ताई ओरडली.

"वेडी का? गाडी समोर जाते, वारा मागून कसा येईन?"

"मंग इथं या अन् पाहा."

बाबा मागे येऊन बसले. गाडी निघाली. काचेवरून उडालेला वारा आमच्या डोक्यावरून जायचा, डिक्कीवर आपटायचा आणि उलटून परत आमच्या मानेवर यायचा. येताना एकटा यायचा नाही. रस्त्याची धूळ घेऊन यायचा आणि सायलेन्सरचा सगळा धूर घेऊन यायचा. बाबांनी दोन-तीनदा नाक पुसलं, मग तोंडाला उपरणं लावलं, मग अजीजभाईंना थांबायला सांगितलं. खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसले. चेहरा पांढरा.

"बाप्पा," ते म्हणाले. "एवढ्या पोरींना मी धूर पाजला."

मग अडसर बनवायचं ठरलं. पहिला प्लायवूडचा. बाबांनी सीटच्या मागे उभा केला, वर मखमल ठोकली, तिच्यावर मोर रंगवून घेतला. मागचं काही दिसेना, आणि वाऱ्यानं तो ढोलासारखा धडधडायला लागला. केनवडच्या फाट्यावर वळताना तो उपटला आणि मोरासकट एका वावरात जाऊन पडला. तिथली बाई धसकटं वेचायचं सोडून धावत आली, तिला वाटलं गाडीतून माणूस पडलं. आम्ही हसून हसून लोटपोट. अजीजभाई तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते.

दुसऱ्या वेळी ताई म्हणाली, वारा सगळा अडवायचाच कशाला, गाळू या. पीठ गाळतो तसा. मंडपाच्या जुन्या लोखंडी पाइपाला बाबांनी वाकवून कमान केली. ताईनं खिडक्यांना लावायची मच्छरजाळी दुहेरी घेतली आणि नायलॉनच्या दोऱ्यानं त्या कमानीवर ताणून शिवली. टाका जवळजवळ, सुई अडली की दातानं ओढून. मी दोरा मेणात ओढून द्यायची. पाय बसवायला डिक्कीच्या कडेला चार भोकं पाडली. लोखंड लोखंडावर खडखडू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे दिले. रबराचा, मेणाचा, तापलेल्या पत्र्याचा वास. माझ्या सगळ्या लहानपणातला हा एकच वास मला पुन्हा घ्यावासा वाटतो.

त्या संध्याकाळी गाडी पळाली आणि फिती खाली लोंबल्या. नुसत्या थरथरल्या. ताईची वेणी तिच्या पाठीवर पडून राहिली. धूर नाही, धूळ नाही. मागे पडलेल्या बैलगाडीतल्या कडब्याचा वास तेवढा आला, आणि कडुलिंबाचा. बाबांनी मागे वळून विचारलं, "कसं वाटते?"

ताईनं डोळे मिटले होते. म्हणाली, "घरात बसल्यावानी वाटते. पण घर चालून राह्यलं."

त्यानंतर लग्नापर्यंत ज्या दोन-चार नवऱ्या त्या गाडीतून गेल्या, त्यांच्यातली एकही ओकली नाही. अजीजभाई गाडी परत आणायचे आणि आल्या आल्या बोट वर करून सांगायचे, "साफ!"

*

ताईचं लग्न दुपारचं होतं. पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर मी जायचं ठरलं. चारच्या सुमाराला जाळीला झेंडूच्या माळा सोडून गाडी दारात आणली. ताई मायच्या गळ्यात पडून रडत होती, बाबा सनईवाल्याच्या मागे तोंड लपवून उभे होते. तेवढ्यात नवरदेवाचे दोस्त आले. तिघंजण. पांढरे बूट, तोंडात गुटखा, अंगाला असा काही सेंट की आधी शिंक यावी.

"हे जाळं कायले लावलं? कोंबड्या नेता का?"

"आमी मागं कुठं बसाव मंग?"

त्यांना डिक्कीवर बसून जायचं होतं. मेडशीत शिरताना नवरदेवाच्या मागे उभं राहून नाचायचं होतं.

बाबा पुढे झाले. हात जोडलेलेच. "राहू द्या ना बाप्पा. ते पोरीच्या तब्येतीसाठी आहे. मागून धूर येते."

"धूर?" एकजण म्हणाला. "अवो, लगनाची गाडी आहे का दवाखान्याची?"

सगळे हसले. नवरदेव गाडीत बसला होता, तोही हसला. दोघांनी कमान धरली, तिसऱ्यानं लाथ घातली. पाइप वाकला, ट्यूबचे तुकडे टुणकन उडाले, ताईचे टाके उसवत गेले तसा टरटर आवाज आला. अजीजभाई "अरे अरे" करत आले तर त्यांना एकानं छातीवर हात ठेवून मागे ढकललं. मग ती जाळी झेंडूच्या माळांसकट आमच्या घराच्या बाजूच्या उकिरड्यावर फेकली. शेणात, राखेत, सकाळपासूनच्या उष्ट्या पत्रावळींत. ताई रडायची थांबली आणि तिकडे पाहत राहिली. बाबांचे हात अजून जोडलेले होते.

पुढचं मला सांगायचं नाही, पण सांगितल्याशिवाय जातही नाही.

मागच्या सीटवर नवरदेव, ताई, मी. आमच्या डोक्यामागे डिक्कीवर ते तिघं, त्यांचे बूट आमच्या खांद्यांच्या मधोमध. गाडी पळायला लागली आणि धूर आला. त्यांच्या सेंटचा वास आला. ते थुंकायला लागले तेव्हा ते थुंकत होते मागे, पण वारा तर मागून येत होता. पहिला थेंब माझ्या गालावर बसला. कोमट. मी हात लावला तर लाल. ताईच्या शालूवर, खांद्यापासून खाली, बारीक बारीक लाल ठिपके पडत गेले. मी नवरदेवाकडे पाहिलं. त्याच्यावरही उडालं होतं. त्यानं रुमालानं बाही पुसली आणि मागे वळून दोस्ताला म्हणाला, "हळू रे." एवढंच. आणि पुन्हा हसला.

मालेगाव मागे पडलं तसं ताईनं दारावरून मान बाहेर काढली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. नुसतं पाणी. डिक्कीवरचे ओरडले, "अबे, वहिनी गेली!" अजीजभाईंनी गाडी थांबवली, तिला पाणी दिलं, तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही म्हणून हात तसाच हवेत धरून उभे राहिले.

मेडशीला दारात माप ठेवलं होतं. अख्खी गल्ली जमली होती. ताईनं उंबऱ्याकडे पाऊल उचललं आणि पुन्हा तोंडावर हात दाबला. ते मापाच्या बाजूलाच पडलं.

बायकांची कुजबुज मी ऐकली. आधी मागून, मग बाजूनं, मग समोरून. लग्नाच्या दिवशी नवरी ओकते म्हणजे काय, ते त्यांना लगेच समजलं होतं. ताईला आतल्या खोलीत नेलं. नवऱ्याची एक म्हातारी मावशी आली, हाताला तंबाखूचा वास. तिनं ताईला चटईवर निजवलं, शालूची गाठ सैल केली आणि सगळ्या बायकांच्या देखत तिचं पोट दाबून पाहायला लागली. इथं दाब, तिथं दाब, खरबूज पाहतात तसं.

"किती झाले?" तिनं विचारलं.

ताईला प्रश्न समजला नाही. मला समजला नाही. मग समजला.

"गाडीचा धूर लागला हो," मी ओरडले. "आमच्या गाडीत सगळ्याच ओकतात."

बायका हसल्या. खरं बोलल्यावर लोक हसतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ताईची सासू दारात उभी होती. म्हणाली, "डॉक्टरीनले दाखवल्याशिवाय चुलीपाशी येऊ देऊ नका." तिच्या खांद्यामागे नवरदेव होता. त्याच्या हातात विड्याचं पान होतं. त्यानं सगळं पाहिलं, पान तोंडात घातलं आणि बाहेर गेला.

सकाळी ताईनं तोंड धुतलं. ट्रंकेतली स्वतःची सुती साडी काढून नेसली. शालू घडी करून, ठिपके वर दिसतील असा, चटईवर ठेवला. ओसरीत सासू तूर निवडत होती.

"मी जातो," ताई म्हणाली.

"पयून चालली का?"

"पयत नाई. चालत जातो. पाहून घ्या."

आम्ही खरंच चालत स्टँडवर गेलो. लोक दारात येऊन पाहत होते. एसटीत कोंबड्यांची टोपली होती, कुणाचं तरी दूध सांडून नासलं होतं, खिडकीच्या गजांना तेलकट हातांचे थर. ताईच्या हातांवरची मेंदी आणि हळद पाहून एका बाईनं काही न विचारता सरकून जागा दिली. ताई खिडकीशी बसली. गाडी निघाल्यावर वारा सरळ तिच्या तोंडावर आला. मी तिला विचारलं, मळमळतं का? ती म्हणाली, "नाई. हा वारा समोरून तं येते."

*

घरी आल्यावर मायनं आधी दार लावून घेतलं, मग रडली, मग म्हणाली, उद्या बाबा सोडून येतील, चार लोकांत शोभत नाही. बाबा गाद्यांच्या कोठीत जाऊन बसले. जेवायला उठायचे आणि परत तिथंच. मी एकदा डोकावले तर ती जाळी त्यांच्यासमोर होती. उकिरड्यावरून त्यांनी ती लग्नाच्याच संध्याकाळी आणली होती, धुतली होती. तरी तिला वास येत होताच. ते वाकलेला पाइप गुडघ्यावर ठेवून सरळ करत होते आणि तो होत नव्हता.

मग एका सकाळी नवरदेव आणि त्याचा मामा आले. गल्लीतली माणसं ओट्यावर जमली. मामानं चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "झालं गेलं जाऊ द्या, इवाई. पोरगी न्याले आलो. फक्त मालेगावच्या डॉक्टरीनकडं एकदा तपासून घेऊ. आमच्या मनाचं समाधान."

माय दारामागून म्हणाली, "हो, हो." तिला सुटल्यासारखं झालं होतं.

बाबा मामाकडे बघत राहिले. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. ते जुळले नाहीत.

"तपासाच लागते," बाबा म्हणाले. "पण पोरगी नाई. गाडी तपासा. बसा मागं दोघंबी. मी चालवतो."

"आता हे काय?"

"बसा ना. तुमीच मागितली होती ना गाडी."

गल्ली ऐकत होती. मामाला नाही म्हणता येईना. दोघं मागे बसले. बाबांनी अजीजभाईंना बाजूला सारून स्वतः स्टिअरिंग धरलं आणि गाडी धुरळा उडवत गेली. आम्ही ओट्यावर उभे. ताई भांडी घासत होती, तिचा हात थांबला नाही.

गाडी परत आली तेव्हा मामाचं उपरणं तोंडावर होतं. उतरता उतरता त्यानं दाराला धरलं, वाकला आणि आमच्या अंगणात, सगळ्या गल्लीसमोर, सकाळचा चहा आणि त्याच्या आधीचं सगळं बाहेर टाकलं. नवरदेव खाली उतरला, चार पावलं चालला आणि भिंतीला टेकून बसला. घामानं चिंब. कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत.

"किती झाले, इचारा त्याहिले," ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली. तेव्हा मात्र सगळ्या गल्लीला हसू फुटलं.

ताईनं तांब्याभर पाणी आणलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं. तो प्यायला. तोंड पुसलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्याशी नीट बोलला.

"समजलं आता मले," तो म्हणाला. "चूक झाली आमची. चाल घरी."

"तुमाले समजलं ते बरं झालं," ताई म्हणाली. "मले बी समजलं."

तिनं रिकामा तांब्या उचलला आणि आत गेली. माय तिच्या मागे गेली, आतून रडण्याचा आवाज आला, तो मायचा होता.

*

फारकत व्हायला वेळ लागला. बाबांनी त्या दिवसानंतर गाडी वरातीला दिली नाही. ती अंगणात उभी राहिली, तिच्यात कोंबड्या बसायला लागल्या, मग एका भंगारवाल्यानं ओढून नेली. तिथून ती या लॉनवर कशी आली, मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचं नाही. ताई पुढे शिकली, शिक्षिका झाली, इंझोरीच्या शाळेत बरीच वर्षं होती. तिथंच तिच्या शाळेतल्या एका माणसाशी तिनं लग्न केलं. रजिस्टरचं. दोन हार आणि चहा. बाबा त्या दिवशी सारखे हसत होते.

परवा लॉनवर ती उशिरा आली. मी तिला हाताला धरून गाडीपाशी नेलं, बोटानं ती भोकं दाखवली. तेवढ्यात नवरा-नवरीला त्या गाडीत बसवायला आणलं. पोरांनी फेस उडवला, फटाक्यांचा धूर सोडला, एकजण सीटच्या पाठीवर चढून नाचायला लागला, त्याचा बूट नवरीच्या खांद्याला घासत होता. नवरी हसत होती. माझ्या घशाशी आलं. इतकी वर्षं झाली, पण माझ्या गालावर तो कोमट थेंब अजून बसलेला आहे. मी कितीही धुतलं तरी.

ताईनं पर्स माझ्या हातात दिली. गर्दीतून पुढे गेली, त्या पोराची पँट गुडघ्यापाशी धरली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "उतर खाली."

पोरगा उतरला. का उतरला, त्यालाही कळलं नसावं. ताईनं आपल्या पदरानं नवरीच्या खांद्यावरची माती झटकली, तिच्या गालावरचा फेस पुसला. नवरी गोंधळून तिच्याकडे पाहत होती. ताई तिला काहीतरी बोलली, ते बँडच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

ती परत आली. मी म्हटलं, "चाल, निघू आपण. मले इथं उभं राहवत नाई. मळमळून राह्यलं."

"तुले?" ताई म्हणाली. तिनं माझ्या हातातून पर्स घेतली. "मले तं भूक लागली बाप्पा. तिकडं गरम पुऱ्या काढून राह्यले."

आणि ती पंगतीकडे चालायला लागली.